दोरी ओढण्याचा अधिकार

उद्योगजगताच्या व्यासपीठावर सध्या एका शब्दाची चलती आहे आणि तो शब्द म्हणजे परिवर्तन. कोणत्याही मोठ्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघडावा, तर अध्यक्षांच्या निवेदनात पहिल्या दोन परिच्छेदांतच तो भेटतो. कधी तो संगणकीकरणाचा वेष घेऊन येतो, कधी पर्यावरणस्नेही उत्पादनाचा, तर अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेचा. त्यासाठी परिसंवाद होतात, सल्लागार नेमले जातात, कारखान्याच्या भिंतींवर रंगीत फलक झळकतात, कर्मचाऱ्यांकडून प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या जातात. वर्ष-दोन वर्षे लोटतात. फलकांचा रंग उडतो, सल्लागार आपले शुल्क घेऊन दुसऱ्या दारी जातात आणि कारखान्यातील काम पूर्वी ज्या वळणाने चालत होते, त्याच वळणाने चालू राहते. मग नवा अधिकारी येतो, नवा शब्द येतो आणि नवे फलक लागतात. नव्याचे नऊ दिवस सरले की ये रे माझ्या मागल्या!

हे सारे ढोंग आहे, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. परंतु ते खरे नाही. बदलाची भाषा बोलणाऱ्यांपैकी पुष्कळ जण प्रामाणिक असतात. आपली संस्था बदलली नाही तर टिकणार नाही, हे त्यांना कळत असते. त्यांच्यापाशी पैसा असतो, बुद्धी असते, अधिकार असतो. तरीही उक्ती पुढे धावते आणि कृती मागे रेंगाळते. असे का घडावे? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे, तर उद्योगाच्या इतिहासातील एका विलक्षण प्रकरणाकडे वळावे लागेल.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात फ्रीमाँट येथे जनरल मोटर्स या बलाढ्य कंपनीचा मोटारींचा कारखाना होता. कंपनीच्या सर्वांत वाईट कारखान्यांत त्याची गणना होई. पाचांतला एक कामगार गैरहजर, वारंवार संप, कामाच्या वेळी मद्यपान, जाणूनबुजून केलेली मोडतोड आणि बाहेर पडणाऱ्या गाड्यांत दोषच दोष, अशी त्याची ख्याती होती. 1982 मध्ये कंपनीने त्याला टाळे ठोकले. पुढे जपानच्या टोयोटा कंपनीशी भागीदारीचा करार झाला आणि 1984 मध्ये ‘नुमी’ या नावाने तोच कारखाना पुन्हा सुरू झाला. इमारत तीच, कामगार संघटना तीच आणि कामगारांपैकी सुमारे 85 टक्के तेच जुने. फक्त कारभार टोयोटाच्या पद्धतीने चालू लागला. थोड्याच काळात गैरहजेरी दोन टक्क्यांच्या आसपास आली आणि तेथील गाड्यांची गुणवत्ता जनरल मोटर्सच्या कोणत्याही कारखान्याला मागे टाकू लागली. ‘आमचे कामगारच नाठाळ’ हे व्यवस्थापनाचे लाडके स्पष्टीकरण फ्रीमाँटने एका फटक्यात निकालात काढले.

ही किमया कशाने घडली? तेथे यंत्रमानवांची फौज आणलेली नव्हती. कारखान्याच्या फिरत्या पट्ट्यालगत एक दोरी टांगलेली होती. आपल्या वाट्याचे काम नीट होत नाही, असे दिसताच साध्या कामगारानेही ती ओढायची. त्याच्या गटाचा प्रमुख तत्काळ धावून येणार. दोष लगेच दूर झाला नाही, तर संपूर्ण पट्टा थांबणार. जुन्या फ्रीमाँटमध्ये पट्टा थांबवणे हे महापातक होते. गाडीत चुकीचा भाग बसला तरी चालेल, पण पट्टा चालूच राहिला पाहिजे, असा तेथील अलिखित नियम होता. नव्या व्यवस्थेत जो दोष दाखवी, त्याला शाबासकी मिळे. गटप्रमुखांना आणि कामगारांना शेकड्यांच्या संख्येने जपानला नेऊन प्रत्यक्ष कामावर उभे करून शिकवण्यात आले. कामाच्या डझनावारी वर्गवाऱ्या मोडून मोजक्याच ठेवल्या गेल्या. अधिकाऱ्यांची वेगळी भोजनगृहे आणि राखीव वाहनतळ बंद झाले. महत्त्वाचे म्हणजे, संकट आले तरी कामगारकपात हा शेवटचा उपाय असेल, असे वचन दिले गेले आणि 1988 च्या सुमारास मागणी कोसळली तेव्हा ते पाळलेही गेले. कामगारांना घरी न पाठवता प्रशिक्षणाला आणि सुधारणांच्या कामाला लावण्यात आले.

खरा बोध यापुढेच आहे. जनरल मोटर्सला या कारखान्याचे दरवाजे सताड उघडे होते. तिचे अधिकारी तेथे काम करीत होते, पाहत होते, टिपणे घेत होते. टोयोटाने काही लपवले नव्हते. तरीही हा बदल कंपनीच्या अन्य कारखान्यांत पोहोचायला वर्षांमागून वर्षे गेली. कॅलिफोर्नियातच व्हॅन नाइज येथील कारखान्यात तो प्रयोग करून पाहिला गेला. दोरी तेथेही टांगली गेली. परंतु ती ओढणाऱ्या कामगाराकडे मुकादम डोळे वटारून पाहू लागला, कारण त्याचा स्वतःचा हिशेब दिवसाकाठी किती गाड्या बाहेर पडल्या यावरच होत होता. गटाने काम करणे म्हणजे आपल्या सेवाज्येष्ठतेवर आणि नोकरीवर गदा, अशी भीती कामगारांनाही वाटली. दोरी लटकत राहिली, हात मात्र उठला नाही. 1992 मध्ये तो कारखाना बंद पडला.

याच काळात कंपनीचे अध्यक्ष रॉजर स्मिथ ‘एकविसाव्या शतकातील महामंडळ’ घडवण्याच्या घोषणा करीत होते आणि यंत्रमानवांवर, संगणकांवर अब्जावधी डॉलर खर्च होत होते. पैशाची चणचण नव्हती, शब्दांची तर नव्हतीच. तरीही 1980 च्या सुमारास अमेरिकी बाजारपेठेचा सुमारे 45 टक्के वाटा राखणारी ही कंपनी दशकाच्या अखेरीस 35 टक्क्यांच्या घरात आली. पुढे तिच्या गाड्यांचा दर्जा सुधारला, हे मान्य केले पाहिजे. परंतु तोवर फार उशीर झाला होता. 1 जून 2009 रोजी जनरल मोटर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. जे ज्ञान स्वतःच्याच कारखान्यात पंचवीस वर्षे डोळ्यांसमोर होते, ते सर्वांगी भिनवता न आल्याची किंमत तिला मोजावी लागली.

या प्रकरणातून पहिली गोष्ट स्पष्ट होते. बदलात जे दिसते, ते उचलता येते; जे दिसत नाही, ते उचलता येत नाही. दोरी विकत घेता येते. ती ओढण्याचा अधिकार विकत घेता येत नाही, तो कोणाकडून तरी काढून कोणाला तरी द्यावा लागतो. मुकादमाच्या हातची सत्ता थोडी कमी व्हावी लागते, वरिष्ठाने कनिष्ठाचे ऐकावे लागते, बढतीची आणि बक्षिसाची मापे बदलावी लागतात. बदलाच्या भाषणात या त्यागाचा उल्लेख क्वचितच असतो, कारण त्या सभागृहात बसलेल्यांपैकी ज्यांना तो त्याग करायचा असतो, तेच टाळ्या वाजवत असतात.

दुसरी गोष्ट काळाची. अर्थशास्त्राचे इतिहासकार पॉल डेव्हिड यांनी 1990 मध्ये विजेच्या इतिहासावरून याची मोठी मार्मिक मीमांसा केली. एडिसनने 1882 मध्ये न्यूयॉर्कला वीजकेंद्र सुरू केले. सर्वत्र नव्या युगाचा जयघोष झाला. प्रत्यक्षात शतक संपता संपता अमेरिकेतील कारखान्यांच्या यांत्रिक शक्तीपैकी पाच टक्केही विजेच्या मोटारींतून येत नव्हती. अर्ध्यावर मजल जायला 1920 उजाडावे लागले. कारण काय? कारखानदारांनी वाफेचे मोठे इंजिन काढून त्या जागी विजेची मोठी मोटर बसवली आणि छताला टांगलेले दांडे, चाके, पट्टे होते तसेच ठेवले. इमारतीही त्याच, अनेक मजली आणि अंधाऱ्या. कारण यंत्रांची मांडणी त्या दांड्यांच्या सोयीने झालेली होती. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर बसली, दांडे निघाले, यंत्रे कामाच्या ओघाप्रमाणे मांडली गेली, एकमजली प्रशस्त कारखाने उभे राहिले, तेव्हा कुठे विजेचा लाभ पदरी पडला. विजेचे नवल चाळीस वर्षे जुने होईपर्यंत तिचे फळ हाती आले नव्हते!

आज संगणकाच्या आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बाबतीत हेच घडताना दिसते. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट सोलो यांनी 1987 मध्येच असे निरीक्षण नोंदवले होते, की संगणकाचे युग सर्वत्र दिसते, फक्त उत्पादकतेच्या आकडेवारीत तेवढे दिसत नाही. आपल्याकडील कित्येक कार्यालयांत अर्ज संगणकावर भरला जातो, मग त्याची छापील प्रत काढली जाते, तिच्यावर तीन सह्या होतात, शिक्का बसतो आणि ती प्रत पुन्हा संगणकात चढवली जाते. इंजिन बदलले, दांडे आणि पट्टे जागच्या जागी!

तिसरी गोष्ट अधिक अप्रिय आहे. बोलण्याचा मोबदला ताबडतोब मिळतो आणि करण्याचा मोबदला उशिरा. घोषणा होताच वृत्तपत्रांत नाव येते, समभागाचा भाव वधारू शकतो, पुरस्कार मिळतात. प्रत्यक्ष बदलात मात्र आधी तोटा असतो. फ्रीमाँटच्या पद्धतीने पट्टा थांबवला, तर त्या दिवशीचे उत्पादन घटणारच. गुणवत्तेचा लाभ पुढे दिसणार. ज्या अधिकाऱ्याची परीक्षा दर तीन महिन्यांनी होते आणि ज्याची खुर्ची तीन-चार वर्षांची असते, तो पेरणीचा खर्च आपल्या नावावर आणि कापणीचे श्रेय उत्तराधिकाऱ्याच्या नावावर कशाला मांडेल? त्याला घोषणा परवडते.

केवळ शब्दांना मान मिळू लागला की काय घडते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्स या कंपनीला सप्टेंबर 2008 मध्ये उत्तम कंपनी-प्रशासनासाठी आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नामांकित स्वतंत्र संचालक होते, समित्या होत्या, अहवाल सुबक होते. 7 जानेवारी 2009 रोजी कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबुली दिली, की ताळेबंदात दाखवलेली पाच हजार कोटींहून अधिक रोकड अस्तित्वातच नाही. पुरस्कार आणि कबुली यांत जेमतेम चार महिन्यांचे अंतर. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, याहून वेगळे काय म्हणावे! सुप्रशासनाची सर्व बाह्य लक्षणे तेथे होती. ताळेबंदावर बोट ठेवून ‘हे पैसे कुठे आहेत?’ असे विचारणारा मात्र कोणी नव्हता. तेथेही दोरी होती, ओढणारा हात नव्हता.

आता आपल्या अंगणात येऊ. ‘पुरवठादार हा आमचा भागीदार आहे’ हे वाक्य आज बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या धोरणपत्रात आढळते. हा भागीदार कोण असतो? भोसरीत दोन लेथ घेऊन सुटे भाग कापणारा, नाशिकच्या अंबडमध्ये दाबयंत्रावर पत्र्याचे भाग बनवणारा, कोल्हापूरच्या शिरोलीत ओतकाम करणारा, इचलकरंजीत माग चालवणारा लघुउद्योजक. माल वेळेवर पोहोचला नाही तर त्याला दंड होतो. पण बिलाचे पैसे वेळेवर आले नाहीत तर दंड कोणाला? कायद्यात याचे उत्तर आहे. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने असे बंधन घातले, की सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे देणे, काहीही करार असला तरी, 45 दिवसांच्या आत चुकते झाले पाहिजे. अन्यथा रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावे लागेल. तक्रारीसाठी राज्यांत सुविधा परिषदा आहेत, त्यांनी 90 दिवसांत निवाडा करावा असे कायदा सांगतो आणि निवाड्याला आव्हान देऊ पाहणाऱ्या खरेदीदाराला 75 टक्के रक्कम आधी भरावी लागते. एवढा कडक कायदा! त्याआधीही 1993 मध्ये याच हेतूने एक कायदा झालेला होता.

तरीही लघुउद्योजकाची थकबाकी हा आजही त्याच्या बैठकांतील पहिला विषय आहे. कारण उघड आहे. जो उद्योजक मोठ्या कंपनीविरुद्ध परिषदेकडे जाईल, त्याला पुढची ऑर्डर मिळेल काय? वर्षभरातील निम्मे काम ज्या एका दारातून येते, त्या दारावर नोटीस कशी लावायची? तो पैशासाठी खेटे घालतो, कामगारांचे पगार करण्यासाठी चढ्या व्याजाने कर्ज काढतो, पत्नीचे दागिने गहाण टाकतो, पण तक्रार करत नाही. बरे, ज्या मालाचे पैसे त्याला मिळालेले नाहीत, त्या मालावरचा वस्तू व सेवा कर सामान्यतः त्याला आधीच भरावा लागतो. कायद्याची दोरी त्याच्या डोक्यावर लटकते आहे. ती ओढली तर पट्टा थांबेल की आपणच बाहेर फेकले जाऊ, याचा भरवसा त्याला कोणी दिलेला नाही.

सरकारने स्वस्थ बसून राहिल्याचा आरोप करता येणार नाही. 2017 मध्ये तक्रारींसाठी ‘समाधान’ हे संकेतस्थळ आले. बिलांवर आधीच पैसे मिळावेत म्हणून ‘ट्रेड्स’ ही व्यवस्था उभी राहिली. 2018 मध्ये 500 कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना आणि 2024 मध्ये 250 कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना तेथे नोंदणी सक्तीची झाली. पण नोंदणी वेगळी आणि बिल मान्य करणे वेगळे. खरेदीदाराने बिलावर होकाराची मोहोर उमटवल्याखेरीज तेथे व्यवहार पुढे सरकत नाही. ज्याला उशीर करायचा आहे, तो नोंदणी करूनही उशीर करू शकतो.

मग प्राप्तिकर कायद्यात दुरुस्ती झाली. 1 एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या या तरतुदीनुसार सूक्ष्म व लघु उद्योगांचे देणे मुदतीत दिले नाही, तर ते प्रत्यक्ष चुकते होईपर्यंत खर्च म्हणून वजावटीस पात्र ठरत नाही. या तरतुदीने मात्र बाजारात खरी खळबळ उडाली. हिशेबनीसांची धावपळ झाली, जुनी देणी निकालात काढण्याची लगबग सुरू झाली. काही व्यापाऱ्यांनी पुरवठादारांना आपली लघुउद्योग म्हणून असलेली नोंदणीच रद्द करायला सुचवल्याच्या किंवा मोठ्या पुरवठादारांकडे वळल्याच्या वार्ताही आल्या. पळवाटा शोधल्या गेल्या, हेच या तरतुदीच्या धारेचे प्रमाण मानावे लागेल. भाषणांनी जे घडले नव्हते, ते घडू लागले, कारण येथे प्रथमच दोरी पुरवठादाराच्या हातात न राहता हिशेबाच्या वहीत गेली. भित्र्याने तक्रार करण्याची गरज उरली नाही; उशीर करणाऱ्याच्या खिशाला आपोआप चटका बसू लागला.

याचा अर्थ, सर्व बदल केवळ सक्तीनेच होतात असा नाही. भारतीय उद्योगांनीच याचे उत्तर दिलेले आहे. गुणवत्तेसाठी जपानमध्ये दिला जाणारा डेमिंग पुरस्कार 1998 मध्ये चेन्नईच्या सुंदरम-क्लेटनने मिळवला. 2003 मध्ये महिंद्रच्या ट्रॅक्टर विभागाने तो मिळवला आणि ट्रॅक्टर बनवणाऱ्या जगातील कोणत्याही कंपनीने तो मिळवण्याची ती पहिलीच वेळ होती. हा सन्मान एखाद्या सुबक सादरीकरणावर मिळत नाही. परीक्षक कारखान्यात येतात, रोजच्या कामाच्या नोंदी पाहतात, यंत्रावरील कामगारालाही प्रश्न विचारतात. त्यामागे वर्षानुवर्षांची नीरस साधना असते. आपला कामगार, आपले अभियंते आणि आपल्या मातीतील कारखाने हे करू शकतात, हे सिद्ध झालेले आहे. तेव्हा भारतीय मानसिकतेला दोष देणे हे फ्रीमाँटच्या जुन्या व्यवस्थापनाने कामगारांना दोष देण्याइतकेच पोकळ आहे.

येथे एक प्रतिवाद होऊ शकतो. आधी शब्द, मग कृती हा जगाचा क्रमच आहे. घोषणा झाली नाही तर दिशा कशी कळणार? यात तथ्य आहे. शब्द हे बीज असू शकते. प्रत्येक बदल घाईने करावा, असेही नाही. चालत्या कारखान्याची चाके एका रात्रीत बदलता येत नाहीत. परंतु बीज पेरले आहे की नुसते दाखवले आहे, हे ओळखण्याच्या खुणा असतात. नुमीतील अनुभवावर पुढे विस्ताराने लिहिणारे जॉन शूक यांचा निष्कर्ष येथे मार्गदर्शक ठरावा. माणसांचे विचार बदलले की वर्तन बदलेल, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात आधी काम करण्याची रीत बदलावी लागते, मग वर्तन रुळते आणि विचार त्यामागून येतात. आपले बहुतेक परिवर्तन-सोहळे नेमके उलट्या टोकाने सुरू होतात, म्हणूनच ते सोहळेच राहतात.

तेव्हा यापुढे कोणी बदलाची घोषणा केली, तर भागधारकांनी, संचालकांनी, कामगारांनी आणि वृत्तपत्रांनीही तीन साधे प्रश्न विचारावेत. या बदलामुळे कोणाचा अधिकार कमी होणार आहे आणि तो कोणाला मिळणार आहे? बढती आणि बक्षीस देण्याचे माप बदलले आहे काय? आणि सर्वांत खालच्या पायरीवरील माणसाने ‘हे चुकते आहे’ असे म्हटले, तर त्याला संरक्षण काय? या तिन्हींची उत्तरे मिळाली नाहीत, तर ती घोषणा वार्षिक अहवालाच्या गुळगुळीत कागदापुरतीच आहे, असे खुशाल समजावे. ही कसोटी खाजगी कंपन्यांना लावायची, तशीच शासकीय खात्यांना आणि सार्वजनिक उपक्रमांनाही लावली पाहिजे. लघुउद्योजकाच्या रखडलेल्या बिलांत त्यांचाही वाटा असतो आणि कायदा करणाऱ्यानेच तो मोडला, तर इतरांना उपदेश करण्याचा अधिकार उरत नाही.

मोठ्या उद्योगांच्या धुरीणांनी एक गोष्ट उद्यापासून करावी. त्यासाठी सल्लागार नको, परिसंवाद नको, फलक नकोत. आपल्या लघु पुरवठादारांची 45 दिवसांहून जुनी किती बिले शिल्लक आहेत, याची यादी दर सोमवारी सकाळी आपल्या टेबलावर मागवावी, आणि ती बिले रखडवणाऱ्या अधिकाऱ्याच्या वार्षिक मूल्यमापनात त्याची नोंद व्हावी. भोसरीतल्या त्या दोन लेथच्या मालकाला भागीदार म्हणून गौरवणारे भाषण नको आहे. त्याला शुक्रवारी पगार वाटायचे आहेत. त्याच्या खात्यात वेळेवर पैसे जमा झाले, तर उद्योगात परिवर्तन आले आहे, हे त्याला कोणी सांगावे लागणार नाही.